मोटारीतील रिले आणि त्याची परीक्षा

गेल्या वैशाखातील गोष्ट आहे. आईच्या डोळ्यांची तपासणी करावयाची होती, म्हणून सकाळी अकराच्या सुमारास आम्ही आमच्या जुन्या पेट्रोल-मोटारीने धारवाडहून हुबळीस निघालो. सोबत माझा पुतण्या होता. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. ऊन कडक होते. नवनगर मागे पडले, उणकलचा तलाव दिसू लागला, आणि इतक्यात इंजिन एकाएकी बंद पडले. ना धक्का, ना आवाज. दिवा मालवावा तसे ते मालवले. मागून एक मालमोटार येत होती. तिच्या चालकाने करकचून ब्रेक लावला म्हणून आम्ही वाचलो. गाडी ढकलून कडेला घेतली तेव्हा आईचे हात कापत होते.

किल्ली फिरवली की स्टार्टर जोमाने फिरे, पण इंजिन काही पेट घेईना. अर्धा तास झाडाखाली बसलो. मग सहज म्हणून किल्ली फिरवली, तो इंजिन काहीच घडले नाही अशा थाटात सुरू झाले. आम्ही रुग्णालयात पोचेपर्यंत डॉक्टरांची वेळ टळून गेली होती.

हा प्रकार प्रथमच घडला असता तर तो दैवावर सोपवला असता. परंतु पंधरा दिवसांपूर्वी हेच घडले होते. तेव्हा एका गॅरेजात गाडी दाखवली, तेथे ‘पेट्रोलचा पंप गेला’ असा निर्णय मिळाला, आणि नवा पंप बसवून साडेआठ हजार रुपये आमच्याकडून घेण्यात आले. जुना पंप खरोखर बिघडला होता काय, हे कोणी मोजून पाहिले नव्हते. मीही विचारले नव्हते. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने ही चूक करावी, याची मला आज लाज वाटते.

त्याच सायंकाळी हुबळीतील एका वृद्ध मेस्त्रीकडे गाडी नेली. दोष सापडला तो काड्यापेटीहूनही लहान अशा एका डबीत. तिची किंमत काही शे रुपये. त्या डबीचे नाव रिले. ती डबी म्हणजे काय, ती काय काम करते, आणि तिचा दोष मेस्त्रींनी कसा पकडला, हे या लेखात सांगावयाचे आहे. कारण त्यांनी वापरलेली रीत केवळ मोटारीपुरती नाही.

रिले म्हणजे काय?

आपल्या शाळेच्या क्रीडामहोत्सवात रिले शर्यत होते. पहिला धावपटू आपला टप्पा संपवून हातातील दांडी दुसऱ्याच्या हाती देतो, आणि दुसरा ताज्या दमाने पुढे धावतो. पूर्वीच्या काळी टपालही असेच जात असे. ठराविक अंतरावर ताजे घोडे बांधलेले असत. दमलेला घोडा मागे राही आणि थैली पुढे जाई. रिले या शब्दाचा मूळ अर्थ हाच : निरोप तोच, पण पुढची शक्ती नवी.

विजेच्या जगात हा शब्द तारायंत्रामुळे आला. १८२० साली डेन्मार्कमधील ओर्स्टेड या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, तारेतून विद्युत्प्रवाह वाहू लागला म्हणजे जवळची होकायंत्राची सुई हलते. १८२५ साली इंग्लंडमध्ये स्टर्जनने लोखंडावर तारेचे वेढे गुंडाळून विद्युच्चुंबक तयार केला. अमेरिकेत जोसेफ हेन्रीने हा चुंबक पुष्कळ बलवान केला, आणि १८३५ च्या सुमारास त्याने एक मार्मिक युक्ती योजली. लांबच लांब तारेतून येता येता प्रवाह दुबळा होतो. त्या दुबळ्या प्रवाहाकडून जड काम होणार नाही. पण एक हलकी लोखंडी पट्टी ओढण्याएवढे बळ त्याच्यात उरते. मग त्याने तेवढीच पट्टी ओढावी, त्या पट्टीने दुसऱ्या, ताज्या बॅटरीचे मंडल जोडावे, आणि जड काम त्या दुसऱ्या बॅटरीने करावे. मोर्सची तार १८४४ मध्ये वॉशिंग्टन ते बाल्टिमोर धावली, आणि पुढे हजारो मैलांचे तारायंत्र उभे राहिले, ते याच युक्तीच्या आधारावर. आपल्या देशातील तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. तार गेली, पण रिले मात्र घरोघरी राहिला. शीतकपाटात, पाण्याच्या पंपाच्या पेटीत, मोटारीत आणि मोटारसायकलीत आज तो आहे.

हुबळी हे रेल्वेचे गाव. नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय येथे आहे, आणि १५०७ मीटर लांबीचा, जगातील सर्वांत लांब म्हणून गाजलेला फलाट २०२३ साली येथेच खुला झाला. रेल्वेच्या सिग्नलांमागेही कित्येक दशके रिलेच राबत आले आहेत. सिग्नलाच्या रिलेची रचना मुद्दाम अशी करतात की, वीज गेली अथवा तार तुटली तर त्यातील पट्टी स्वतःच्या वजनाने किंवा स्प्रिंगच्या ओढीने खाली पडावी आणि सिग्नल तांबडा व्हावा. बिघाड झालाच तर तो गाडी थांबवणारा असावा, गाडीवर गाडी घालणारा नसावा, असा त्यामागील विचार आहे. हा विचार ध्यानात ठेवा. लेखाच्या शेवटी त्याचे काम पडणार आहे.

मोटारीला रिले कशासाठी?

जुन्या कार्ब्युरेटरच्या मोटारीत विजेचे काम थोडे असे. ठिणगी पाडणे, दिवे लावणे आणि भोंगा वाजवणे, एवढे झाले की संपले. २००० सालाच्या सुमारास आपल्याकडे कार्ब्युरेटर मागे पडत गेला आणि पेट्रोलची फवारणी करणारी इंजिने आली. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ हे प्रदूषणाचे नियम देशभर लागू झाले, तेव्हापासून बहुतेक दुचाक्यांतही ही व्यवस्था शिरली. अशा इंजिनात टाकीतील पंप विजेवर चालतो, फवारे विजेवर उघडतात, ठिणगी विजेने पडते, आणि या सर्वांवर देखरेख करणारा एक छोटा संगणकही विजेवरच चालतो. त्यास मेस्त्री मंडळी ईसीयू म्हणतात.

या सर्वांस मिळून बराच मोठा प्रवाह लागतो. तो सारा किल्लीच्या नाजूक कुलपातून नेला तर कुलपातील संपर्क जळून जातील, शिवाय जाड तारा चालकाच्या हातापर्यंत आणून परत न्याव्या लागतील. म्हणून किल्लीने किंवा ईसीयूने फक्त हुकूम द्यावयाचा, आणि बॅटरीजवळ बसलेल्या रिलेने जड प्रवाहाचे दार उघडावयाचे, अशी योजना केलेली असते. ईसीयू, फवारे आणि ठिणगीची वेटोळी यांस वीज पुरवणाऱ्या रिलेला मुख्य रिले म्हणतात. पेट्रोलच्या पंपासाठी बहुधा वेगळा रिले असतो. मुख्य रिलेने दगा दिला की इंजिनाचा मेंदूच झोपी जातो. मग पंप, फवारे, ठिणगी सारे ठणठणीत असून उपयोग नाही.

डबीच्या आत

मोटारीच्या सामान्य रिलेला खालून चार पाय असतात, आणि प्रत्येक पायापाशी एक आकडा कोरलेला असतो : ३०, ८५, ८६ आणि ८७. हे आकडे मूळचे जर्मन प्रमाणकातले. पण आता जगभरच्या मोटारींत ते आढळतात. ८५ आणि ८६ या पायांच्या मध्ये तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. ३० या पायाशी बॅटरीची वीज येते, आणि ८७ या पायातून ती कामावर जाते. काही रिलेंत ८७अ असा पाचवा पाय असतो. वेटोळे निजलेले असताना ३० चा संबंध त्याच्याशी असतो.

वेटोळ्याचा रोध साधारणपणे ८० ते ९० ओहम भरतो. १२ व्होल्टला ८५ ओहमने भागा. उत्तर येते सुमारे ०.१४ अॅम्पियर. एवढ्याशा प्रवाहाने वेटोळ्याच्या गाभ्यात चुंबकत्व येते, लोखंडी पट्टी ‘टक्’ आवाज करून ओढली जाते, पट्टीवरचा संपर्कबिंदू समोरच्या बिंदूवर टेकतो, आणि ३० व ८७ जोडले जातात. या वाटेने काही रिलेंतून ४० अॅम्पियरपर्यंत प्रवाह जाऊ शकतो. म्हणजे हुकमाच्या प्रवाहापेक्षा कामाचा प्रवाह जवळजवळ तीनशे पट मोठा असू शकतो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. या डबीत दोन मंडले आहेत, आणि ती एकमेकांस कोठेही चिकटलेली नाहीत. एक हुकमाचे, दुसरे कामाचे. दोहोंमध्ये दुवा आहे तो केवळ चुंबकाच्या ओढीचा. एक मंडल निरोगी असताना दुसरे आजारी असू शकते. आमची सगळी फसगत येथेच झाली होती.

मेस्त्रींची तपासणी

मेस्त्रींनी बॉनेट उघडण्यापूर्वी मला प्रश्न विचारले. गाडी थंड असताना कधी बंद पडली काय? बंद पडल्यावर स्टार्टर फिरतो काय? दिवे मंदावतात काय? किल्ली फिरवल्यावर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो की नाही? मागच्या आसनाखालून पंपाची गुणगुण ऐकू येते काय?

पहिल्या तिन्हींची उत्तरे मला देता आली. थंड गाडी कधी अडली नव्हती, स्टार्टर फिरत होता, दिवे चांगले होते. म्हणजे बॅटरी निर्दोष. पिवळ्या दिव्याकडे मात्र मी पाहिलेच नव्हते. पुतण्या म्हणाला, “काका, मी पाहिलं होतं. गाडी अडली असताना तो दिवा लागतच नव्हता.”

मेस्त्रींचा चेहरा उजळला. पुष्कळ गाड्यांत हा दिवा ईसीयू स्वतः लावतो. चांगल्या गाडीत किल्ली फिरवताच तो लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. तो लागलाच नाही, तर ईसीयूस वीज पोचत नसावी अशी शंका घ्यावी. नुसता पंप बिघडला असता तर दिवा लागला असता. एवढ्या एका निरीक्षणाने साडेआठ हजारांचा पंप निर्दोष ठरण्याच्या मार्गाला लागला.

आता गाडी थंड होती आणि व्यवस्थित चालत होती. पुतण्याने किल्ली फिरवली, फ्यूजच्या पेटीतून ‘टक्’ असा आवाज आला. तो म्हणाला, “मेस्त्री, मुख्य रिले वाजतोय. म्हणजे तो चांगला आहे.”

मेस्त्री हसून म्हणाले, “बाळ, टक् वाजलं म्हणजे चौकीदार जागा आहे एवढंच कळलं. त्यानं दार उघडलं की नाही, ते कोण बघणार?”

नंतर ते मला म्हणाले, “मास्तर, दोष घरी नसताना त्याच्या दाराशी बसून उपयोग नाही. आधी त्याला बोलवू या.” त्यांनी इंजिन सुरू ठेवले, आणि केस वाळवण्याच्या विजेच्या यंत्राने रिलेच्या डबीवर बेताने गरम वारा सोडला. चार-पाच मिनिटांत इंजिन मालवले. उणकलला मालवले होते तसेच.

आता किल्ली पुन्हा फिरवली. ‘टक्’ वाजले. पिवळा दिवा मात्र लागला नाही. मेस्त्रींनी मल्टिमीटर काढला. बॅटरीवर १२.४ व्होल्ट. रिलेच्या ३० या पायाशी १२.४ व्होल्ट. ८७ या पायाशी केवळ ७ व्होल्ट. एका टोकाला १२.४ आणि दुसऱ्या टोकाला ७, मग मधले ५.४ व्होल्ट गेले कोठे? ते रिलेच्या आतच खर्च होत होते.

एवढ्यावर त्यांनी निकाल दिला नाही. रिले उपटून काढला आणि त्याची घरे पाहिली, कारण पुष्कळदा रिले चांगला असून घरातील पकड सैल झालेली असते, किंवा पावसाळ्याच्या ओलीने तांब्यावर हिरवा गंज चढलेला असतो. घरे स्वच्छ व घट्ट होती. मग रिलेच्या डबीचे झाकण उघडले. आत एक लहानशी मुद्रित-मंडलाची पट्टी होती. सर्वच रिलेंत ती नसते, पण आमच्या रिलेत होती. ८७ चा पाय त्या पट्टीला जेथे डाखून बसवला होता, तेथे भिंगातून पाहिल्यावर पायाभोवती केसासारखी बारीक काळी रेघ दिसली. डाख तडकला होता. वर्षानुवर्षे इंजिनाच्या उष्णतेने प्रसरण आणि रात्रीच्या थंडाव्याने आकुंचन, असे हजारो वेळा घडून ती चीर पडली होती. डबी थंड असताना चिरेचे काठ एकमेकांस टेकत; तापली की सुटत. म्हणून गाडी उन्हात अडे आणि सावलीत चाले.

नवा रिले बसवला. त्यावरही मेस्त्रींनी वाऱ्याचा झोत धरून पाहिला, आणि पुन्हा ३० व ८७ यांमधील फरक मोजला. तो ०.१ व्होल्ट भरला. शेवटी चिमटा-मापकाने एकंदर प्रवाह मोजून तो मर्यादेत असल्याची खात्री केली. मी विचारले, “हे कशासाठी?” ते म्हणाले, “नुसता रिले बदलला आणि पुढं कोणी जास्त प्रवाह खेचत असला, तर हाही जळेल. मेला कोण ते कळलं. मारलं कोणी तेही बघायला हवं.”

बिनभाराचे माप का फसवते?

विद्यार्थ्यांनी या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्या भागातील लोकांनी कित्येक वर्षे नळाच्या पाण्याची वाट पाहिली आहे, तेव्हा नळाचीच उपमा घेऊ. नळाच्या वाटेत गाळ साचला आहे असे समजा. नळ बंद असताना त्यावर दाबमापक लावला तर दाब पूर्ण दिसेल, कारण पाणी वाहतच नाही. नळ उघडा, की धारेऐवजी थेंब. गाळाचा पत्ता पाणी वाहू लागल्यावर लागतो.

विजेचेही तसेच आहे. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध फार मोठा, पुष्कळदा एक कोटी ओहम इतका असतो. त्यामुळे त्यातून जाणारा प्रवाह जवळजवळ शून्य असतो. रिलेचा संपर्क इतका बिघडला की त्याचा रोध १००० ओहम झाला, आणि पुढे दुसरे काहीच जोडलेले नसले, तर ८७ वर मीटर किती व्होल्ट दाखवील? १२ मधून केवळ एक-दोन हजारांश व्होल्ट कमी! पाहणारा म्हणेल, वीज पूर्ण आहे. आणि त्याच रिलेवर पंप जोडला तर तो हलणारसुद्धा नाही.

दुसरे उदाहरण करू. एक पंप १२ व्होल्टवर ५ अॅम्पियर घेतो. हिशेबापुरता त्याचा रोध २.४ ओहम धरा. वाटेत रिलेच्या जळक्या संपर्काचा अर्धा ओहम रोध आला. एकंदर २.९ ओहम झाले. प्रवाह उतरून सुमारे ४.१ अॅम्पियर झाला. संपर्कातच २ व्होल्टांहून थोडे अधिक खर्च झाले आणि पंपाला १० व्होल्टही मिळेनात. शिवाय त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या बिंदूवर साडेआठ वॅट उष्णता निर्माण होऊ लागली. २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न डाख वितळवते, हे आठवा. म्हणजे रोधाने उष्णता, उष्णतेने अधिक काजळी, काजळीने अधिक रोध, असे दुष्टचक्र सुरू होते, आणि शेवटी प्लॅस्टिकची डबी काळवंडते.

म्हणून रिलेची खरी परीक्षा एकच : काम चालू असताना ३० आणि ८७ या दोन पायांमध्ये मीटर लावावा. जेथे वाट मोकळी आहे तेथे फरक ०.१ किंवा ०.२ व्होल्टच्या आत राहील. त्याहून पुष्कळ अधिक दिसला, तर रिलेने कितीही मोठ्याने ‘टक्’ केले तरी तो नापास समजावा.

तपासणीचा क्रम

आपल्या घरची गाडी अडली तर वडीलधाऱ्यांना उपयोगी पडावा, म्हणून मेस्त्रींचा क्रम थोडक्यात देतो. प्रथम बॅटरी पाहावी. पूर्ण भरलेली व निवांत ठेवलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास असेल तर ती अर्धी रिकामी समजावी. दुर्बल बॅटरीवर केलेल्या पुढील सर्व परीक्षा व्यर्थ होत. नंतर फ्यूज पाहावा. फ्यूज जळला असेल तर नवा बसवण्याआधी तो का जळला हे शोधावे.

मग कान आणि डोळे वापरावेत. पेट्रोल-गाडीत किल्ली फिरवताच बहुधा दोनएक सेकंद पंपाची गुणगुण ऐकू येते. पिवळा दिवा लागला आणि गुणगुण नाही, तर पंपाकडील मंडल संशयित. दिवाही नाही आणि गुणगुणही नाही, तर मुख्य रिले संशयित. त्याच पेटीत तंतोतंत त्याच क्रमांकाचा दुसरा रिले असेल, उदाहरणार्थ भोंग्याचा, तर दोहोंची अदलाबदल करून पाहता येते. मात्र क्रमांक आणि पायांची मांडणी जुळलीच पाहिजे. दिसायला सारख्या डब्यांची आतली जोडणी वेगळी असू शकते. कित्येकांत वेटोळ्याला समांतर एक डायोड बसवलेला असतो, कारण वेटोळ्याचा प्रवाह तोडताना क्षणभर शेकडो व्होल्टांचा उलटा झटका निर्माण होतो आणि तो ईसीयूस अपाय करू शकतो. अशा रिलेची टोके उलटी जोडून चालत नाही.

‘टक्’ मुळीच येत नसेल तर दोष हुकमाच्या मंडलात शोधावा. रिले काढून ८५ व ८६ यांमधील रोध मोजावा. तो अनंत आला तर वेटोळे तुटले. वेटोळे शाबूत असेल तर किल्ली, ईसीयू आणि जमिनीची जोडणी यांकडे वळावे. ‘टक्’ येत असेल तर दोष कामाच्या मंडलात शोधावा, आणि भार चालू ठेवून माप घ्यावे. एक उलटा रोगही असतो. संपर्कबिंदू वितळून एकमेकांस चिकटतात, किल्ली काढली तरी प्रवाह चालूच राहतो, आणि सकाळी बॅटरी रिकामी सापडते.

सावधगिरी

आता सिग्नलाच्या रिलेची आठवण करा. रस्त्यात अडलेले लोक कधीकधी रिले काढून त्या जागी तारेचा तुकडा ठोकतात आणि गाडी तशीच चालवतात. ही गोष्ट फार घातक आहे. इंजिन थांबले की पंपाची वीज तोडणे, हे पंपाच्या रिलेचे एक कर्तव्य असते. अपघातात गाडी उलटली, पेट्रोलची नळी फुटली, तरी तारेचा तो तुकडा पंपाला पेट्रोल ओतावयास लावीत राहील. रिलेचा बिघाड गाडी थांबवतो. ती तार आग लावू शकते.

रिलेच्या घरात खिळा किंवा जाड सुई खुपसू नये. पकड सैल होऊन नवा दोष निर्माण होतो. पिवळ्या जोडण्या सुरक्षा-पिशव्यांच्या असतात, त्यांना हात लावू नये. विजेवर चालणाऱ्या मोटारीतही रिलेचाच थोरला भाऊ असतो, पण त्यातून शेकडो व्होल्ट खेळत असतात. नारिंगी तारांपासून सर्वांनी दूर राहावे. ते काम प्रशिक्षित माणसांचे आहे.

ज्यांना प्रयोगाची हौस आहे, त्यांनी तो शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखत करावा. १२ व्होल्टचा रिले, स्कूटरची बॅटरी, मध्ये फ्यूज, २१ वॅटचा दिवा, आणि ‘जळका संपर्क’ म्हणून ५ ओहमचा, १० वॅट सोसणारा रोधक घ्या. रोधक ८७ च्या वाटेत जोडा. दिवा काढून मीटर लावा. १२ व्होल्ट दिसतील. दिवा लावा, तो मिणमिणेल आणि मीटर खाली येईल. रिले दोन्ही वेळा सारखाच ‘टक्’ करील. रोधक तापतो, म्हणून त्याला बोट लावू नका.

दुसऱ्या दिवशी आईला पुन्हा हुबळीस नेले. ऊन तसेच होते, उणकलचा तलाव तसाच चमकत होता. तेथे येताच आईने नकळत पुढच्या आसनाची कड घट्ट धरली. गाडी पुढे गेली तेव्हा तिने ती सोडली. डॉक्टरांची वेळ आम्हांस मिळाली.

जुना पंप मी घरी जपून ठेवला आहे. मेस्त्रींनी तो बॅटरीवर लावून दाखवला. तो उत्तम चालतो. यंदा नववीच्या वर्गात विद्युत्प्रवाहाचा पाठ सुरू करताना मी तो मेजावर ठेवतो आणि त्याची किंमत फळ्यावर लिहितो. नंतर मुलांना एवढेच विचारतो की, हा पंप बदलण्यापूर्वी मी काय मोजावयास हवे होते?